दत्त्याला उचलायला चौघं लागायचो

दत्त्या आमच्याशी सात वर्षं खोटं बोलला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. चिडू, रडू की माफी मागू, मला अजून कळत नाही.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: दत्ता माझा आयटीआयचा मित्र. गाडी घसरली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून व्हीलचेअर.

महिन्यातून एका रविवारी आम्ही पाच जण बाहेर जेवायचो. दत्त्या, मी, सलीम, बाळ्या आणि रवी.
हॉटेल शोधायचं डिपार्टमेंट माझं.

मी फोन करायचो. "पायऱ्या आहेत का हो?"
"न्हाई साहेब, एकदम रोड-टच."
जाऊन बघावं तर चार पायऱ्या.
"ह्या व्हय? ह्या तर चारच हायेत."

आमच्या नगरमध्ये पाचच्या खाली पायऱ्या कुणी मोजतच नाही.

मग चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरायची आणि त्याला वर न्यायचं. सगळं हॉटेल जेवण थांबवून बघत बसायचं.
दत्त्या वरून ऑर्डर सोडायचा, "सलीम, तुझी बाजू खाली चाललीय. माझा रस्सा सांडेल."
रस्सा अजून मागवलेलासुद्धा नसायचा.

आत गेलं की टेबलाची एक खुर्ची काढायची. तिथं तो.

जेवताना तो पाणी प्यायचा नाही. घोटभरही नाही. विचारलं तर म्हणायचा, "सवय नाही."
आम्ही बरं म्हणायचो.

घरी सोडताना मी दरवेळी विचारायचो, "बिनापायऱ्यांचं एखादं हॉटेल माहितीये का रे?"
"नाही रे. तू शोध."

त्याच्या दशक्रियेला एक अनोळखी काका आले. पाथर्डी रोडला त्यांचं छोटं हॉटेल आहे.

"दत्ताभाऊ सात वर्सं दर गुरवारी यायचे आमच्याकडं. रिक्षानं, एकटेच. त्यांच्यासाठीच तर पायऱ्यांच्या बाजूला उतार केला मी. पयला लई उभा झालता, खुर्ची मागं यायची. मग फोडला आन् पुना केला. संडासाचं दार पन रुंद केलं. निवांत बसायचे. तांब्याभर पानी प्यायचे."

दत्त्या? पाणी?

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सात वर्षं मी फोनवर पायऱ्या विचारल्या. संडास एकदाही विचारला नाही. फार लाज वाटली.

"पण काका, मग त्यानं आम्हाला का नाही सांगितलं?"

काका जरा घुटमळले.
"मी बोल्लो हुतो, मित्रांना घिऊन या. तर म्हनले, न्हाई काका. उचलायला चौघं लागत्यात म्हनून चौघं येत्यात. उतार आसला तर एकेक जन गळंल."

मला रागच आला. काय समजत होता हा आम्हाला?

रवीला सांगितलं तर तो म्हणाला, "येडं होतं ते. आपण काय हमाल म्हणून जायचो का?"
बरोबर आहे. मलाही तेच वाटतं.

पण मग या वर्षभरात आम्ही चौघं एकदाही एकत्र जेवलो नाही, ते का?
ग्रुपवर नुसतं "बघू" आणि "नेक्स्ट संडे नक्की".

तो गेला म्हणून आम्ही पांगलो, की तो म्हणत होता तेच खरं? वर्षभर डोकं खाजवतोय. काही सांगता येत नाही.

आज काकांच्या हॉटेलात येऊन बसलोय. ग्रुपवर लोकेशन टाकलं.
सलीम निघालाय. बाळ्याचं "बघतो". रवीनं मेसेज वाचलाय, उत्तर नाही.

काकांनी विचारलं, "किती जन?"
"पाच." तोंडातून निघूनच गेलं.

काकांनी टेबलाची एक खुर्ची काढून भिंतीला लावली आणि त्या जागेसमोर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला.

दत्त्या, तुला मनापासून नमस्कार.
आज उचलायला काही नाही. किती जण येतात ते दोघं मिळून बघू.