वरचा कान

त्याच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर एक गाठ होती. तांदळाच्या कणीएवढी. दिवसा ती आहे हे त्याला आठवायचंही नाही. रात्री उशीवर डोकं टेकलं की घटकाभरात ती जागी व्हायची आणि मग त्याला झोपू द्यायची नाही. आधी नुसती चुणचुण. मग ठणका. मग असं वाटायचं की कुणीतरी कानाची कडा पकडीत धरून सावकाश आवळतंय.

उपाय साधा होता. दुसऱ्या कुशीवर वळायचं. नेमकं तेवढंच त्याला करता येत नव्हतं.

त्याचा डावा कान तेवढा चालू होता. एकवीस वर्षं तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात पंचिंग मशीनवर उभा होता. मशीन उजव्या हाताला. मिनिटाला तीस ठोके. उजवा कान हळूहळू गेला, इतका हळू की कधी गेला हे त्यालाही सांगता आलं नसतं. कारखान्यात सगळे त्याला मोनो म्हणायचे. जुन्या टेपरेकॉर्डरचा एकच स्पीकर वाजावा तसा हा एकाच बाजूने ऐकतो, म्हणून. नाव कटरवाल्याने ठेवलं होतं. मोनोला त्याचा राग नव्हता. "अर्ध्या शिव्या वाचतात," असं तो म्हणायचा.

रात्री गेलेला कान उशीवर, चालू कान वर. वरचा कान आईसाठी होता.

आई आतल्या खोलीत, तो बाहेरच्या. मधलं दार रात्रभर उघडं. तिच्या खाटेपासून त्याच्या गादीपर्यंत बारा पावलं. तिचे गुडघे कामातून गेले होते. रात्री दोनदा तिला धरून बाथरूमला न्यावं लागायचं, साडेबाराच्या सुमारास आणि चारच्या आसपास. ती म्हणायची, "उठतोस का रे?" एकदाच. तेही मोठ्याने नाही. मोनो उठायचा.

दुसरी हाक ती कधीच मारत नसे. तिने सव्वीस वर्षं इस्पितळात आया म्हणून काढली होती, त्यातली निम्मीअधिक रात्रपाळीत. "दोनदा हाक मारणारा पेशंट मला कधी आवडला नाही," ती सांगायची. "एकदा बोलावलंस ना? मग माणूस निघालेलं असतं. पुन्हा बोलावलंस म्हणजे तुझा विश्वास नाही."

मोनोच्या धाकट्या बहिणीने एकदा बेल आणून दिली होती. आईने ती कपाटात टाकली. "बेल वाजवायला मी काय साहेब आहे?" मोनोने तिच्या खोलीत गादी घालतो म्हटलं, तर म्हणाली, "उशाशी माणूस बसवायला मी अजून गेले नाही." आणि शेजारीपाजारी सांगत सुटायची, "माझा मुलगा एका हाकेत येतो."

त्यामुळे कानाचं तिला सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगितलं असतं तर तिने हाक मारणं सोडलं असतं. दुपारनंतर पाणी पिणं सोडलं असतं. मोनो तिला ओळखून होता. निदान स्वतःची समजूत तो अशी घालायचा. पण त्यात आणखीही काही होतं. त्याचं लग्न जमलं नव्हतं, बढती झाली नव्हती, कुणी त्याच्याबद्दल छाती फुगवून बोलावं असं त्याच्या हातून फारसं घडलं नव्हतं. एका हाकेत येणारा मुलगा ही एकच गोष्ट होती. ती त्याला सोडवत नव्हती.

नऊ महिने त्याने नाना खटपटी केल्या. उताणा झोपला, तर स्वतःच्या घोरण्याने जागा झाला. उशी बदलली. कानावर कापूस बांधला. तो पहाटे गळ्यात सापडला. गालाखाली हात घेतला, तर हात बधिर. कारखान्यात तो उभ्याउभ्या पेंगू लागला.

"काय मोनो, रात्री कुठे ड्युटी असते?" कटरवाल्याने विचारलं.

"घरीच."

"ओव्हरटाइम मिळतो का?"

"चहा मिळतो."

"मग बोटं मोजून घे बाबा. सकाळी दहा होती ना?"

सगळे हसले. मोनोही हसला. पण त्याच आठवड्यात पुठ्ठा सरकवताना साचा त्याच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर येऊन आदळला, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरीण तरुण होती. तिने गाठीवर बोट ठेवलं आणि मोनो खुर्चीत उडाला.

"दाबामुळे आहे हे," ती म्हणाली. "कडेला मांस नसतं. खाली कूर्चा, वर नुसती कातडी. या कानावर झोपू नका, दोन महिन्यांत जाईल."

"आणि दुसऱ्या कुशीवर नाही झोपता आलं तर?"

"का नाही येणार?"

आई, हाक, बारा पावलं, सगळं ओठांवर आलं होतं. मोनो म्हणाला, "सवय नाही."

"मग लावा," असं म्हणून तिने मलम लिहून दिलं.

ती रात्र इतर रात्रींसारखीच होती. साडेबाराला हाक आली. त्याने आईला नेलं, आणलं, पांघरूण घातलं. परत येऊन उजव्या कुशीवर पडला. दहा मिनिटांत ठणका सुरू झाला. त्याने घड्याळ पाहिलं. एक वाजायला आला होता. पुढची हाक चारला. म्हणजे मधले तीन तास कान वर ठेवून तो कुणासाठी पडणार होता? अर्धा तास वळू, त्याने ठरवलं. फार तर पाऊण.

आणि तो वळला.

डावा कान उशीत रुतला आणि सगळं बंद झालं. पंख्याची घरघर, नळाचं ठिबकणं, रस्त्यावरची गाडी. उजव्या कानाला गार हवा लागली. नऊ महिन्यांत त्या कानाला रात्री हवा लागली नव्हती. त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पुढे त्याला सगळ्यात जास्त छळलं ते ह्या बरं वाटण्याने.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. अंग हलकं होतं. आपण झोपलो, चांगले झोपलो, हे आधी कळलं. बाकीचं मग.

आई खाटेच्या पायाला पाठ लावून फरशीवर बसली होती. एक पाय विचित्र वळलेला. कपडे ओले. डोळे उघडे. हात बर्फासारखे.

"उठलास?" ती म्हणाली.

मोनोच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते असं होतं: "अगं, हाक नाही का मारायची?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही मारली. म्हटलं, आपलं आपण जाऊन बघावं."

हे उत्तर त्यानेच तिच्या हातात दिलं होतं. तिने ते नुसतं घेतलं.

खुब्याच्या हाडाला चीर गेली होती. ऑपरेशन टळलं, पण सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही. धाकटी पहिल्या गाडीने आली. आधी रडली, मग आईवर उखडली. "दादा बारा पावलांवर झोपलेला असताना एक हाक मारायला तुझं काय जात होतं?"

"चुकलं," आई म्हणाली. "आगाऊपणा नडला."

निघताना धाकटीने मोनोचा दंड धरला. "दादा, तू आहेस म्हणून मी तिकडे निवांत झोपते रे." मोनोने मान हलवली आणि आत जाऊन औषधांच्या पट्ट्या नीट लावू लागला. त्या नीटच होत्या.

चौथ्या दिवशी शेजारचे शिंपीकाका आईला बघायला आले. दोन्ही घरांची भिंत एकच. जाताना जिन्यावर ते म्हणाले, "त्या रात्री मी जागाच होतो. दीडच्या सुमाराला वहिनींची हाक ऐकली. 'उठतोस का रे?' म्हटलं, तू गेला असशील. तू काय, एका हाकेत उठणारा. म्हणून मी पडून राहिलो. मग पडल्या कधी रे त्या?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले आणि खाली उतरले.

मोनो जिन्यात उभा राहिला. दीड. तो वळल्याला पुरा तासही झाला नव्हता. तिने हाक मारली होती, ती भिंतीपलीकडेही पोहोचली होती. मग ती खाटेच्या कडेवर पाय सोडून बसली असणार. तो येतोय असं समजून. चप्पल शोधतोय, दिवा लावतोय. किती वेळ बसली असेल? शेवटी स्वतः उठली, तेव्हा पाय बधिर झालेले. आणि पडल्यावरही पावणेसातपर्यंत तिने दुसरी हाक मारली नव्हती.

त्या दिवसापासून तो तिच्या खोलीत खाली गादी घालून झोपू लागला. ती काही बोलली नाही. झोप त्याला तशीही येत नव्हती. उजव्या कुशीवर पडायचा आणि ठणका लागला की मुद्दाम डोकं आणखी दाबायचा.

आईची शुश्रूषा आईच शिकवत होती. पडल्यापडल्या हुकूम सोडायची. दर दोन तासांनी कूस. चादरीला सुरकुती नको. एका दुपारी म्हणाली, "टाचा बघ."

"लाल झाल्यात थोड्या."

"दाब. दाबल्यावर पांढरं होतं ना? मग वेळ गेलेली नाही. जुनी मऊ चादर काढ. पट्टी फाड, चार बोटं रुंद. चुंबळ करायची."

डोक्यावर घडा ठेवताना खाली कापडाचं कडं ठेवतात, तशी. मोनोने पट्टी हाताभोवती गुंडाळली, वरून वेढे घातले.

"ही चुंबळ आहे की गाठोडं? उसव. मधलं भोक कुठे गेलं? भोकासाठीच तर सगळं."

तिसऱ्या खेपेला जमली. त्याने तिचा पाय उचलून वर ठेवला. टाच बरोबर भोकावर आली. दुखरी जागा अधांतरी, कशालाच न टेकलेली. भार सगळा भोवतालच्या कापडावर.

मोनो त्या भोकाकडे बघत राहिला.

"हे कानालाही करतात?" त्याने विचारलं.

"करतात की. एका कुशीवर पडून राहणाऱ्याचा कानच आधी दुखायला लागतो. आमच्या वॉर्डात किती केल्या असतील मी. दहा मिनिटांचं काम."

मोनो खाटेशी फरशीवर बसला. मग त्याने सांगितलं. गाठ, नऊ महिने, डॉक्टरीण, सवय नाही म्हणालो ते. आई छताकडे बघत ऐकत होती.

"इकडे ये," ती म्हणाली. त्याने डोकं खाटेच्या कडेला टेकवलं. तिने कान दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवला. तिची बोटं अजून तशीच होती, कुठे थांबायचं ते जाणणारी.

"नऊ महिने," ती म्हणाली. "घरात आया असताना."

"तू हाक मारणं बंद केलं असतंस."

"केलं असतं एक रात्र. दुसऱ्या दिवशी चुंबळ केली असती." तिने कानाची कडा चाचपली. "म्हणजे त्या रात्री झोपेत वळलास तू. दमलेलं माणूस वळणारच. त्यावर मी काय रागवू?"

हे दार उघडं होतं. नुसती मान हलवली असती तरी तो त्यातून बाहेर पडला असता.

"झोपेत नाही," मोनो म्हणाला. "जागा होतो. घड्याळ बघून वळलो."

तिने कान सोडला.

"आणि मी हाक मारली नाही म्हणाले, ते तुला खरं वाटलं?"

"आधी वाटलं. मग काकांनी सांगितलं, त्यांना ऐकू आली."

"ते कधी सांगितलं?"

"पाच दिवस झाले."

"पाच दिवस," आई म्हणाली. तिला कूस बदलता येत नव्हती. तिने फक्त तोंड भिंतीकडे केलं. खाली कुणीतरी बराच वेळ स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती काही सुरू झाली नाही.

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "उरलेल्या पट्टीची आणखी एक कर. लहान. दोन बोटांवर गुंडाळ."

रविवारी त्याने धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. ती शिव्या घालेल अशी त्याने तयारी केली होती. ती म्हणाली, "मला नुसतं कळवलं असतंस तरी मी येऊन राहिले असते रे, दादा." आणि फोन ठेवला.

चुंबळीने काम केलं. आठवड्यात ठणका उतरला. महिन्याभरात गाठ बसली. वरचा कान वरच, खालचा कापडाच्या कड्यात अधांतरी. दोन्ही बाजूंनी निवांत.

आईचं हाड तसं झटपट जुळलं नाही. सहाचे नऊ आठवडे झाले. आता ती वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत जाते, तिथे दम घेते आणि परत फिरते. डॉक्टर म्हणाले, वॉकर सुटेलसं वाटत नाही. ते ऐकताना मोनो तिच्या शेजारीच उभा होता, चालू कानाच्या बाजूने.

रोज सकाळी चहाआधी ती त्याला खाटेशी बसवते आणि कान बघते.

"दुखतं?"

"थोडं."

दुखत नसतं. पण दारापर्यंतची तिची चाल रोज बघून, माझं गेलं, हे तो कुठल्या तोंडाने सांगणार?

"इथे?" ती दाबते.

"हो."

"आणि इथे?"

"तिथेही."

सव्वीस वर्षं तिने माणसांच्या तोंडाकडे बघून दुखणं ओळखलंय. ती त्याच्या तोंडाकडे बघते. तो फरशीकडे बघतो.

"बरं," ती म्हणते. जुनी चुंबळ उसवते, धुवायला टाकते आणि नवी पट्टी दोन बोटांभोवती गुंडाळायला घेते.