गुरुजींच्या वावरातला कोळसा

या पाडव्याला गुरुजींनी वावर परत घेतलं. भांडण नाही, तंटा नाही. चहा पाजला आणि घेतलं. आमच्याकडे बटईला, म्हणजे दुसऱ्याचं वावर वाट्यानं करायला, कागद लागत नाही. पाडव्याला मालकाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि ‘यंदाही कर’ एवढं ऐकून उठायचं. असे तीन पाडवे मी उठलो होतो.

गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. आता ते शेलूबाजारला राहतात. आमच्या गावातलं त्यांचं दोन एकर म्हणजे नुसता मुरूम. पावसानं आठ दिवस दडी मारली की सोयाबीन माना टाकायचं.

बायोचार मी एका प्रशिक्षणात शिकलो. तुरीच्या-कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्या, खड्ड्यात रचायच्या, वरून पेटवायच्या आणि राख व्हायच्या आत पाणी मारून विझवायच्या. उरलेला कोळसा कुटून मातीत मिसळायचा. तो ओल धरून ठेवतो. पण पहिल्या वर्षी मी घाई केली. कोळसा कोरडाच टाकला. त्यानं पिकाच्या तोंडचं खत स्वतःच पिऊन टाकलं आणि सोयाबीन पिवळं पडलं. गुरुजी वावराच्या धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, “काहून जाळपोळ करून राह्यला रे? शाळेतई असाच होता तू.” सोबतचे चार जण हसले. मीही हसलो, कारण वावर त्यांचं होतं.

तो शब्द मला लागला. दुसऱ्या वर्षी मी कोळशाला आधी खाऊ घातलं. शेणाच्या काल्यात गूळ, बेसन आणि जिवाणूंचं द्रावण कालवून त्यात तो पंधरा दिवस मुरत ठेवला, सावलीत, गोणपाटाखाली. जिवाणू कोळशाच्या भोकाभोकांत घर करतात आणि मग तो पिकाचं हिसकावत नाही. बायको रोज सकाळी पाणी शिंपडून ढीग खालीवर करायची. तिच्या नखांतली काळी रेघ जात नसे, म्हणून ती लग्नाकार्यात हात पदराखाली ठेवायची. “आपल्या घरच्या एकरात काहून नाही टाकत पह्यले?” तिनं दोनदा विचारलं. आपली जमीन बरी आहे, तिला गरज नाही, असं मी सांगितलं. खरं कारण असं की मला गुरुजींना दाखवून द्यायचं होतं. घरच्या एकरात गांडुळं निघाली असती तर ती बघायला कोण येणार होतं?

तिसऱ्या वर्षी पावसानं ताण दिला. भोवतालची सोयाबीन करपली, आमची सकाळ-संध्याकाळ ताठ. मीच मोठेपणानं फोन करून गुरुजींना बोलावलं. त्यांनी ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, नाकाशी नेलं. पन्नाशीला टेकलेला मी, शाबासकीसाठी समोर उभा. ते म्हणाले, “जमीन मुळातच चांगली हाय आमची.”

मग हा पाडवा आला. चहा झाल्यावर गुरुजी म्हणाले, “आवंदा वावर जावईच करतो म्हन्ते.”

“गुरुजी, त्यात माहा तीन वर्षाचा कोयसा हाय,” मी म्हटलं.

“मंग काढून घेऊन जाय,” ते म्हणाले आणि हसले. कुजकेपणानं नव्हे, अगदी मोकळं हसले. त्यांना त्यात वावगं काही दिसतच नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. एकदा मिसळलेला कोळसा पिढ्यान् पिढ्या मातीत राहतो, हे प्रशिक्षणात ऐकून मी खूश झालो होतो. कोणाच्या मातीत, हा विचार करायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

मी उठलो, तर त्यांनी थांबवलं. “नाल्याकाठी आमची बरड पट्टी पडली हाय. ते कर तू. हे काम तुलेच जमते.”

तुलेच जमते. तीन वर्षं मी याच शब्दांसाठी राबलो होतो. मी विचारसुद्धा केला नाही, लगेच हो म्हणालो. गावाकडच्या जीपमध्ये बसल्यावर मला स्वतःची किळस आली.

घरी बायकोला सांगितलं की मी नाहीच म्हणत होतो, गुरुजींनीच लय गळ घातली. तिनं ते खरं मानलं.