लेस्टिनाचं कडू होणं

मुलांजे नावाच्या डोंगराखाली मिशनचं एक बाळघर होतं. बाळंतपणात आई गेली की तान्हं मूल टोपलीत घालून, नाहीतर एखाद्या मावशीच्या पाठीला बांधून तिथं आणत. तिथं दूध मिळे, औषध मिळे. मूल दोन वर्षांचं झालं, आपल्या हातानं मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा मोडून खायला लागलं, की ते त्याच्या माणसांत परत जाई. गावात तान्ह्याला दूध मिळत नाही, पण मक्याचं पीठ कुठल्याही घरात असतं, एवढा साधा विचार त्यामागे होता.

लेस्टिना नाखुम्वा तिथं सतरा वर्षं सेविका होती. मूल होईना म्हणून तिचा नवरा एका सकाळी सायकल आणि तीन कोंबड्या घेऊन आपल्या आईच्या गावी निघून गेला. त्यानंतर ती मिशनवर आली, पांढरा रुमाल डोक्याला बांधला आणि लंगोट धुवायला बसली. कुणी विचारलं तर म्हणे, "मी देवाची चाकरी करते." बोलणं तसं कमीच. बाळघर चालवणाऱ्या मिसबाई थंड देशातून तरुणपणी आलेल्या, आता केस पिकलेल्या. त्या लेस्टिनाला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "यांची आई मेली आहे, लेस्टिना. तू आई नाहीस. हे विसरलीस तर तुलाही त्रास आणि मुलांनाही."

ती विसरली. तिनं वाढवलेलं पहिलं मूल योहाने. त्याला न्यायला आजोबा आले तेव्हा पोरानं तिचं चितेंजे मुठीत धरलं ते सुटेना. कंबरेचं वस्त्र फाटलं, पण मूठ उघडली नाही. शेवटी दोघांनी मिळून एकेक बोट सोडवलं आणि पोराला सायकलच्या मागे बांधलं. रस्ता वळेपर्यंत त्याचा आवाज येत होता. गावी गेल्यावर त्यानं कुणाच्या हातचं खाल्लं नाही, पाणीसुद्धा थुंकलं. अकराव्या दिवशी निरोप आला.

लेस्टिना त्यावर फार दिवस विचार करत राहिली. गावातल्या बायका मुलाला अंगावरून तोडताना काय करतात? स्तनाला मिरची चोळतात, कडू पाला चोळतात. मूल दोन दिवस रडतं, मग आपणच तोंड फिरवतं आणि आजीकडे जातं. लेस्टिनाच्या अंगावर दूध नव्हतं. मग तिनं सगळ्या अंगानंच कडू व्हायचं ठरवलं.

परत जायच्या आधीचा एक महिना ती मुलाशी वैर धरी. उचलून घेत नसे. हाक मारली तर भिंतीकडे बघे. जवळ आलं की चिमटा काढी, तोही दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं फार दुखतं. महिनाभरानं आजी नाहीतर मामा न्यायला येई, गोड बोले, आणि मूल टुणकन त्यांच्या कडेवर चढे. मागे वळूनसुद्धा बघत नसे. तेवीस मुलं अशी गेली. एकही रडलं नाही आणि एकही मेलं नाही. मिसबाई पाहुण्यांना सांगत, "लेस्टिनाची मुलं हसत जातात." कशी, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

स्वयंपाकघरातली फानेसी मात्र सगळं बघत असे. अंगानं भरलेली, पाच पोरांची आई, तोंडाला कुलूप नसलेली.

"आली बघा आमची मिरची," ती म्हणे. "आज कुणाला चावलीस गं?"

"तू तुझा न्सिमा ढवळ."

"ढवळतेय ना. पण देवाघरी गेल्यावर काय सांगशील? येशूबाबा, मी लेकरांना चिमटे काढून तुझी सेवा केली?"

लेस्टिनाचंही उत्तर तेच होतं, पण ते तोंडानं म्हणायची तिला लाज वाटे.

मग तियामिके आली. चार दिवसांची, चिमणीएवढी. आणणारी आजी इतकी वाळलेली होती की कुणी कुणाला उचलून आणलं असा प्रश्न पडावा. ही आजी दर महिन्याला सात तास चालत यायची, पदराच्या गाठीतून मूठभर भुईमूग काढायची, चावून मऊ करून नातीच्या तोंडात घालायची आणि संध्याकाळच्या आत परत निघायची. म्हणजे मुलीला तिची ओळख होती. घ्यायला माणूस होतं. लेस्टिनाला काळजी करायचं काही कारण नव्हतं.

पण तियाला एक सवय लागली होती. दुपारी झोपताना ती लेस्टिनाच्या उजव्या हाताचं बोट तोंडात धरी. बोट काढलं की जागी होई. त्यामुळे लेस्टिना रोज तासभर तिच्याशेजारी एका कुशीवर पडून राही, आणि तेवीस मुलांत तिनं स्वतःला जे करू दिलं नव्हतं ते तिच्याकडून होऊन गेलं.

एप्रिलच्या सुरुवातीला आजी आली. म्हणाली, "शेंगा काढल्या की येते न्यायला. मेच्या पहिल्या शनिवारी. तोवर हिला जरा शहाणी कर गं पोरी."

त्याच संध्याकाळी लेस्टिना मिसबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

"मिसबाई, तिया मला द्या. म्हातारी किती दिवस पुरणार?"

मिसबाईंनी चष्मा काढला. "आजी जिवंत आहे, मामा आहे. मूल आईच्या माणसांचं. हा तुमचाच रिवाज ना?"

"हो."

"आज तू एक घेतलीस, तर उद्या बाकीच्या एकेक घेतील. मग हे बाळघर राहणार नाही, बाजार होईल. जा. प्रार्थना कर."

लेस्टिना गेली. प्रार्थना केली की नाही कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बोटाला मिरची चोळली.

तियानं बोट तोंडात घेतलं, किंचाळली, आणि रडत रडत तेच बोट पुन्हा तोंडात घेतलं. लेस्टिनानं ते काढून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मिरचीत कडू पाल्याचा रस घातला. पोरगी ओकली, आणि ओकून झाल्यावर पुन्हा बोट शोधू लागली. बाकीची मुलं आठ दिवसांत तुटत. ही तुटेना. जितकी माया जास्त, तितकं जास्त कडू व्हायला हवं, असं लेस्टिनाला वाटलं. योहानेची मूठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तिनं तियाला उन्हात बाहेर ठेवून दार लावून घेतलं. पोरगी दारावर थापा मारत राहिली, मग नखांनी ओरबाडत राहिली. आतून लेस्टिना लंगोटांच्या घड्या घालत होती. शेवटच्या आठवड्यात तिया दोन्ही हात वर करून समोर आली तेव्हा तिनं लाकडी पळी त्या हातांवर मारली. एकदा नाही, तीनदा.

"अगं ए!" फानेसी चुलीपासून धावत आली. "मारून टाकतेस का?"

"जगवतेय," लेस्टिना म्हणाली.

त्यानंतर तिया तिच्याकडे आली नाही. लेस्टिना खोलीत शिरली की पोरगी भिंतीला पाठ लावून उभी राही आणि हात मागे लपवी. काम झालं होतं.

पहिला शनिवार आला. लेस्टिनानं तियाला नवा झगा घातला. घालताना पोरगी लाकडासारखी ताठ उभी होती. दोघी ओसरीच्या दोन टोकांना बसून रस्त्याकडे बघत राहिल्या. आजी आली नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात मामा आला, वायसन नावाचा, धुळीनं पांढरा झालेला.

"म्हातारी गेली," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "यंदा मका करपला. स्वतःचा घास ती माझ्या पोरांना घालत होती, आम्हाला कळलंच नाही. माझी सहा आहेत, मिसबाई. सातवीला मी नेली तर पुरायलाच नेली म्हणा."

त्यानं मुलीकडे पाहिलंही नाही. पाणी प्यायला आणि गेला.

मिसबाईंनी लेस्टिनाला बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "देवानं तुझं ऐकलं बघ. रिवाजही आता आडवा येत नाही. घे. तिया तुझी."

लेस्टिना धावतच गेली. धावताना तिचा रुमाल सुटला. तिला येताना बघून तिया भिंतीला लागली आणि झगा ओला केला.

मग पंधरा दिवस लेस्टिनानं काय काय केलं! ऊस सोलला. भुईमूग चावून मऊ केला. बोटं साबणानं धुतली, राखेनं घासली, मधात बुडवून पुढे केली. तिया त्या बोटांचा वास घ्यायची आणि तोंड घट्ट मिटायची. ती उपाशी राही, पण त्या हातचं खात नसे. गालांची हाडं वर आली. मिसबाईंनी वजन केलं आणि काटा पुन्हा एकदा तपासून पाहिला.

फानेसीच्या हातचं मात्र ती खात होती. चुलीजवळ फानेसीच्या मांडीला टेकून, मोठमोठे घास.

लेस्टिना स्वयंपाकघराच्या पायरीवर आली. आत गेली नाही.

"फानेसी, तूच ने हिला."

"अगं, माझी पाच आहेत," फानेसी म्हणाली. मग तियाच्या तोंडात आणखी एक घास घालून म्हणाली, "बरं. पाच काय नि सहा काय."

फानेसीचं घर कुंपणाला लागूनच होतं. तिया तिथं वाढली, गुबगुबीत झाली, फानेसीसारखी तुरुतुरु बोलायला लागली. हट्ट करायला लागली की फानेसी म्हणायची, "बोलावू का लेस्टिनाला?" पोरगी तत्काळ गप्प. पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा लेस्टिनाच्या हातातला लंगोट हौदात पडला. पुढे तिनं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

पावसाळ्यात तियाला हिवताप चढला. अंग तव्यासारखं, डोळे वर. मिसबाईंनी औषध दिलं, पण पोरगी ते गिळेना. दोनदा थुंकलं. नाक दाबलं तर गुदमरायला लागली. फानेसी रडवेली होऊन कुंपणापाशी आली.

"लेस्टिना, हाही चमचा थुंकला तर पोरगी हातची जाईल गं. जरा दारात येऊन उभी राहतेस?"

लेस्टिनानं हात पुसले. कुंपण ओलांडून ती त्या दारात गेली. फानेसीच्या मांडीवर पोरगी पडली होती, ओठ फुटलेले, मान लटकलेली. लेस्टिनानं कपाळाला आठी घातली, जबडा आवळला आणि उजवा हात पळीसारखा वर उचलला.

तियानं तिच्याकडे पाहिलं आणि चमचा गिळला.

"सगळं," लेस्टिना म्हणाली.

चमच्याच्या तळाशी उरलेलंही तियानं चाटून घेतलं आणि फानेसीच्या काखेत तोंड खुपसलं. ताप उतरेपर्यंत चार दिवस, दिवसातून तीनदा, लेस्टिना त्या दारात येऊन उभी राहत होती.