बुर्गीवहिनीचा लेंडलर

माझ्या लेकीच्या लग्नात बुर्गीवहिनी रुसून बसली, असं खोऱ्यात अजून बोलतात. बोलणाऱ्यांची जीभ झडो. मी तिच्या शेजारीच बसले होते.

वहिनी लहानपणी गाईच्या पायाखाली आली, तेव्हापासून तिचा डावा पाय अधू. लोकांच्या गोठ्यात दूध काढत ती वाढली. माझा भाऊ एगिड मिठाच्या खाणीत राबायचा, पण रविवारी व्हायोलिन हाती आलं की तो राजा. लग्नात त्याने तिला दागिना नाही दिला, लेंडलर दिला. जोडीने घुमायच्या आमच्या या नाचाची एक नवी चाल त्याने तिच्यासाठी बांधली. हाताखालून गिरकी घेताना तिला पाय सावरायला वेळ लागे, म्हणून चाल तिथे जराशी थांबायची.

आमची रीत अशी, की जिच्यासाठी चाल बांधली तिने पहिलं पाऊल टाकल्याशिवाय कुणी हलायचं नाही. बड्या घरच्या सुनासुद्धा भिंतीला टेकून वहिनीची वाट बघत. स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच होतं.

एका उन्हाळ्यात व्हिएन्नाचे एक संगीतकार हवापालटाला आले. दादा त्यांच्याकडे वाजवायला जाऊ लागला.

"काय वाजवलंस रे?" वहिनी विचारायची.

"लग्नाबिग्नातलं. दुसरं काय!"

पुढच्या वर्षी त्यांची नवी सिंफनी ईशल गावच्या बागेत वाजणार होती. दादा नवी टोपी घालून आम्हा दोघींना घेऊन गेला. तिसरा भाग सुरू झाला आणि वहिनीने माझा हात घट्ट धरला. सगळी व्हायोलिनं एकदम थबकली, अगदी तिच्या गिरकीपाशी. रेशमी झग्यांतल्या बायका पंखे हलवायच्या थांबल्या.

"त्सेन्झी, माझा गं! माझा लेंडलर!" तिचा चेहरा असा उजळलेला मी तिच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

संपल्यावर ती लंगडत थेट त्या संगीतकारांपुढे गेली. "साहेब, तो माझा आहे."

माणूस वाईट नव्हता, गोंधळला. "तुमचा? मी यांना विचारलं होतं कुणाचा म्हणून. हे म्हणाले, कुणाचाच नाही, डोंगरात असंच वाजवतात."

दादा टोपी चाचपत उभा राहिला. घरी येताना वाटेत म्हणाला, "अगं, एवढ्या मोठ्या माणसाला काय सांगू? लंगड्या बायकोसाठी बांधला म्हणून?"

सख्खा भाऊ, पण मला त्याची किळस आली. वहिनीने घरी जाऊन गाईचं दूध काढलं.

शरदात माझ्या लेकीचं लग्न झालं. दादाने वहिनीची चाल सुरू केली. सगळे तिच्याकडे बघू लागले. ती उठली नाही. दादाने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मधली जागा रिकामीच.

"वहिनी, ऊठ ना गं," मी म्हटलं.

तिने मांडीवरचे पावाचे कण झटकले. "नाचा गं पोरींनो, खोळंबलात कशाला? कुणाचाच नाही तो."

पोरी बिचकत उतरल्या. गिरकीपाशी चाल थांबली, आणि धडधाकट पायांच्या त्या पोरी एकमेकींवर आदळल्या. हशा पिकला.

दादाने वहिनीकडे एकदा पाहिलं. मग मधलं ते थांबणं काढून टाकलं आणि तसाच वाजवत राहिला.