तोर्गिल्सचं एकच पातेलं

व्हॉस गावाच्या डोंगरउतारावर तोर्गिल्सच्या तळघराइतकं झगमगणारं तळघर दुसरं नव्हतं. वीजकेंद्रात हयात गेलेला माणूस, निवृत्त होताच त्याने घरची बिअरसुद्धा विजेच्या हवाली केली. तीन टाक्या, दोन पंप, वेटोळे घातलेल्या नळ्या आणि भिंतीवर हिरव्या-तांबड्या दिव्यांचा फलक.

"बिअर करतोस की धरण चालवतोस?" बायको गुन्वोर विचारायची. तो नुसता हसायचा. त्या दिव्यांवर त्याचा खरोखरच जीव होता.

पण लागोपाठ तिसऱ्यांदा बिअर नासून आंबट झाली. पिंपातून बिअर काढायच्या दिवशी शेजाऱ्यांना चाखायला बोलवायचं आणि त्यांनी घरधन्याचं मन राखायचं, अशी तिथली रीत. शेजारचा सिवर्ट घोट घेऊन बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

"ओली आहे," तो अखेर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो बरणी घेऊन दारात उभा. "आमच्यातलं यीस्ट आहे. तुमचं मेलं रे, तोर्गिल्स. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट कसं वाटणार नाही? पणजीच्या काळापासून ते यीस्ट विरजणासारखं एका बिअरमधून पुढच्या बिअरला लावलं जात होतं. आंबलेल्या बिअरबरोबर टाकीच्या तळचं सगळं नासलं. आता उरलं होतं ते माळ्यावर, वडिलांनी लाकडी कड्यावर वाळवून टांगलेलं, जेमतेम एका खेपेपुरतं. ते उठलं नाही तर घराचं यीस्ट कायमचं संपणार होतं. सिवर्टची बरणी त्याने फडताळात मागे सारली.

"नाचता येईना अंगण वाकडं," गुन्वोर म्हणाली. "यीस्टला कशाला बोल लावता तुम्ही दोघं? त्या नळ्या उघडून बघितल्यास कधी?"

"प्रत्येक वेळी धुतो मी!"

"बाहेरून."

चिडून त्याने पंपाजवळची वळणाची नळी कापली. आत काळा बुळबुळीत थर साचला होता. उकळलेली बिअर थंड व्हायला तिथूनच जायची. पणजीच्या यीस्टवर आळ घेतला याची त्याला मनापासून लाज वाटली.

मग त्याने पंप उतरवले, नळ्या फेकल्या. फलक काढताना तर त्याचे डोळेच भरून आले. शेवटी राहिलं एक मोठं पातेलं, त्यात एक हीटर आणि भिंतीवर एक बटण. गुन्वोरने जुन्या पडद्याची पिशवी शिवली. पिशवीत मोड आणून भरडलेला सातूचा माल्ट भरून ती जुनिपरच्या डहाळ्या टाकलेल्या कढत पाण्यात बुडवली, वर काढून निथळली, उरलेलं गोड पाणी उकळलं आणि झाकलेलं पातेलं अंगणातल्या बर्फात ठेवलं. दूध विरजायला असतं तितकं कोमट झाल्यावर ते वडिलांच्या पिंपात ओतलं. तोर्गिल्सने कड्यावरचं यीस्ट खरवडलं, सगळं, आणि आत सोडलं.

"आरोळी दे," गुन्वोर म्हणाली.

यीस्ट घालताना पिंपात तोंड घालून ओरडायचं; आरोळी जितकी मोठी तितकी बिअर कडक. बंद टाक्या आल्यापासून ते सुटलंच होतं.

"शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! आंबट पाजताना नाही लाजलास."

तो वाकला आणि ओरडला. आणि त्याच्या गळ्यातून वडिलांचा आवाज निघाला. तोच शेवटी चिरकणारा, तेवढाच लांबलेला. गुन्वोरचा हात तोंडाकडे गेला. काठ धरून तो तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिंप गप्प. मग त्याने कान लावला, तर आत बारीक चुरचुर. पिंपावरचं फडकं उचललं. पांढरा फेस वर येत होता, संत्र्याच्या सालीचा वास सोडत. वडील गेले तेव्हापासून अंधारात, कोरडं, उपाशी पडलेलं ते, आणि आता पिंपात मावत नव्हतं! आयुष्यभर त्याने वीज बघितली होती, पण एवढं बळ कुठे बघितलं नव्हतं. "ये, ये बघायला," त्याने गुन्वोरला हाक मारली.

चाखायच्या दिवशी सिवर्ट खिडकीकडे वळला नाही. बिअरचा वाडगा रिकामा करून त्याने तो पुन्हा पुढे केला. मग म्हणाला, "माझी बरणी कुठाय?"

तोर्गिल्सने ती फडताळातून काढली, न उघडलेली.

"ओतून टाक ते. धू आणि तुझं भर त्यात."

"तुला कशाला? तुझं चांगलं आहे की."

"आमच्याकडेही राहू दे थोडं," सिवर्ट म्हणाला. "तू पुन्हा नळ्या जोडल्यास तर?"