सीडीतला खोकला

माझं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं मास्टर्स इंटरनेटवरून झालं असं मी सांगते, पण खरं तर ते लोकांच्या सामानातून झालं. महाडच्या सायबर कॅफेत लेक्चर सुरू केलं की सर तोंड उघडत आणि उघडंच ठेवत. पुढचं वाक्य येईपर्यंत माझा चहा पिऊन होई.

हे तेव्हा आखातात, एसी दुरुस्तीच्या कामावर. तिथलं नेट चांगलं. म्हणून माझा पासवर्ड घेऊन हे खोलीवर लेक्चर लावायचे, ते रेकॉर्ड करायचे आणि सीडी पाठवायचे. आमच्या मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी सुट्टीवर यायचंच, आणि येणाऱ्याच्या बॅगेत अर्ध्या मोहल्ल्याचं सामान असायचं. संध्याकाळी सगळे आपापलं पुडकं घ्यायला त्याच्या दारात. कुणाचं ब्लँकेट, कुणाची दुधाची पावडर, कुणाचं अत्तर. माझा डेटाबेसचा अख्खा विषय एकदा लुंगीत गुंडाळून आला. सासूबाई म्हणाल्या, "लोकांकडं सोनं येतंय, आमच्याकडं ताटल्या!"

आमचं ठरलेलं एवढंच होतं. मी मास्टर्स करायचं, कॉलेजात नोकरी धरायची, मग ह्यांनी कायमचं घरी यायचं. तोवर मी एसटीने पोलादपूरला जाऊन एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते.

रेकॉर्डिंगची ह्यांची तऱ्हा अजब होती. स्पीकरपुढं माईक ठेवायचा, झालं. त्यामुळे सरांबरोबर सगळी खोलीच सीडीत यायची. एसीची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि ह्यांचा खोकला. खोकला आला की आमची तीन वर्षांची लेक "अब्बा!" म्हणत स्पीकरला कान लावायची. मी तिला हसायचे, आणि ती खेळायला गेली की तोच तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकायचे. परीक्षेत खोकल्यावर प्रश्न येत नाही हे मला कळत होतं. पण मला ह्यांची फार आठवण यायची, त्याला काय करणार?

एका लेक्चरमध्ये सरांनी वर्गाला विचारलं, "क्रमाने लावलेल्या हजार नावांच्या यादीत एक नाव शोधायचंय. दर वेळी यादी निम्मी करत गेलो, तर जास्तीत जास्त किती वेळा बघावं लागेल?" वर्ग गप्प. आणि माईकजवळ, अगदी हळू, ह्यांचा आवाज आला, "धा."

थोड्या वेळाने सर म्हणाले, "दहा."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. लग्नाआधी हे डिप्लोमाला होते. वडील गेले, दोन बहिणी लग्नाच्या, म्हणून पहिल्याच वर्षी सोडून आखातात गेले. हे मला ठाऊक होतं, पण कधीतरी घडून गेलेली गोष्ट म्हणून. जुन्या सीडी काढून पुन्हा ऐकल्या. आता वहीचं पान उलटल्याचा आवाज येत होता, मध्येच "हां, हां" येत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी खोकला ऐकत बसले आणि माणूस ऐकायचा राहिला.

फोनवर विचारलं, "तुम्ही लेक्चर ऐकता?"

"सीडी नीट भरली का नाय, बघायला लागतं ना गो," हे म्हणाले आणि लेकीची चौकशी करू लागले.

मास्टर्स झालं, नोकरी लागली आणि ठरल्याप्रमाणे हे घरी आले. बॅगेच्या तळाशी सहा वह्या होत्या. सगळे विषय, आकृत्यांसकट, मराठीत लिहिलेले. माझ्या वहीत तेवढं नव्हतं. मी रडले, भांडलेही. दुसऱ्या दिवशी डिप्लोमाचा फॉर्म आणून ह्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, आता तुमची पाळी.

ह्यांनी तो बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. दोनदा वाचला. मग हसले. "चाळिशी आली गो माझी. पोरांच्यात बसू काय आता?"

आणि घडी घालून माझ्या हातात दिला. "नीट ठेव. हिला लागंल."

लेक पाच वर्षांची होती, आणि फॉर्म भरायची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती.