मधली वाटी काहून कमी?

विमल आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते. बोरी अरबपासून चार किलोमीटर आत आमचं गाव. पण ती कोण, हे कळायला ट्रॅक्टर येण्याआधीची विमल सांगावी लागते.

तेव्हा ती तिफनीमागं, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या औतामागं चालायची, चाड्यावर मूठ धरून. चाडं म्हणजे तिफनीवरचं लाकडी खोलगट भांडं. त्याला तळाशी तीन छिद्रं, खाली तीन नळ्या. पेरणारणीनं मुठीतून दाणा असा सोडायचा, की तिन्ही तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, सारखा पडावा. विमलचा हात सारखा, असं पाच गावं म्हणायची. एका वर्षी मी तिला पेरणीला बोलवायला पहाटेच गेलतो, तर तांड्यावरचे सेवादास नाईक आधीच तिच्या ओसरीवर चहा पीत बसलेले. मग ट्रॅक्टर आले. काम गेलं, नाव तेवढं राहिलं.

गेल्या हिवाळ्यात राजदीप सर चौथीच्या पोरांकडून पेरणीयंत्र बनवून घेत होते. पाण्याची बाटली, सलाइनच्या नळ्या, मोडक्या सायकलचं चाक. माझी नात मोनाली त्याच वर्गात. मी दुपारी तिथंच बसलेला असतो. आमच्या वेळी गुरुजी प्रयोग फळ्यावर काढायचे आणि आम्ही तो पुसायचो, त्यामुळं आता उठवत नाही.

यंत्राचं झालं असं, की सगळा दाणा एकाच नळीत जाई. मला राहवलं नाही. म्हटलं, सर, आपल्या स्वयंपाकघरातच काटा आहे, विमलचा हात पाहा.

"मग मोजूनच पाहू," सर म्हणाले. पोरं नाचली.

विमलनं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, तुमाले कोणं सांगतलं होतं तोंड उघडाले? चाळीस वर्सं कोणं मोजलं नाही, थे बरं होतं. आता म्हातारपणी पोट्ट्यायच्या हातून नापास करता का मले?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सारखा हात, एवढीच तिची कमाई होती, आणि ती मी चौथीच्या वर्गापुढं ठेवून बसलो होतो. तिनं एकच गंज, म्हणजे पातेलं, दोनदा घासला. मग पदराला हात पुसत वर्गात आली.

तीन वाट्या ओळीनं मांडल्या. तिनं ज्वारी सोडली. पोरांनी दहा-दहाचे ढीग करून मोजली. कडेच्या वाट्यांत एकशेबारा आणि एकशेनऊ. मधलीत एकाहत्तर.

सर म्हणाले, एकदा आलं म्हणजे खरं धरायचं नाही. आणखी दोनदा केलं. कडेला शंभराच्या वर, मधे सत्तरच्या आसपास, तसंच.

"आजीचा हात चुकते," वर्गातला कपिल हळूच म्हणाला. विमल आपल्या हाताकडं परक्याचा असावा तशी पाहत होती. मी खिडकीबाहेरचा लिंब न्याहाळू लागलो.

"पण सर," मोनाली म्हणाली, "चुकतेच तर कधी ही, कधी थे वाटी कमी भरली असती. दरखेपी मधलीच काहून?"

विमलनं रिकामी मूठ पुन्हा वाट्यांवर धरली, हळूहळू फिरवली, थांबली. मग मला विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी चाडं हाय का अजून?"

होतं. आमच्या घरची मंडळी त्यात लसूण ठेवतात. लसूण पलंगावर ओतून चाडं घेऊन आलो, त्याबद्दल जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

"या वाट्या सुट्ट्या हायेत, पोरी," विमल मोनालीला म्हणाली. "चाड्यात दाणा काठाले आपटते अन् घरंगळत मधात येते. म्हून मधात कमीच सोडा लागते. मी कमी सोडतो हे मलेच आज समजलं."

दोन बाकांच्या मधे चाडं ठेवलं, छिद्रांखाली वाट्या. पुन्हा ज्वारी, पुन्हा ढीग. अठ्ठ्याण्णव, एकशेएक, नव्व्याण्णव. सरांनी हेही तीनदा करवलं. आकडे जवळपास तेच. कपिलनं शेवटचे ढीग स्वतः दोनदा मोजले.

तिकडं खिचडी गार झाली होती, पण वाढणारीच वर्गात, मग ओरडायचं कोणी? पोरं बाटलीला डोळा लावून आत उतार कुठं आहे ते शोधू लागली.

विमल मात्र हलेना. तिनं डाव्या मुठीत ज्वारी घेतली आणि चाड्यावर धरली.

"सर, हा हात तं कोणं कधी पाह्यलाच नाही. याचं काय येते, मोजा बरं."